जुने इंग्रजी शब्द वाचायचे कसे आणि कोशात शोधायचे कुठे

भारतीय पासपोर्टच्या आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावानं एक विनंती छापलेली असते. पासपोर्टधारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावं, असं तिच्यात म्हटलंय. 'लेट' म्हणजे करू देणं, जाऊ देणं, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. मग 'लेट'शिवाय जाऊ द्या म्हणजे काय? हा 'लेट' निराळा आहे. त्याचा अर्थ अडथळा, आडकाठी. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'लेट्टन' म्हणजे अडवणं आणि 'लॅटन' म्हणजे सोडणं अशी दोन वेगळी क्रियापदं होती. पुढे झिजत झिजत दोन्हींचं रूप एकच झालं. अडवण्याचा अर्थ बोलण्यातून गेला, पण कायद्याच्या भाषेत राहिला. टेनिसमध्ये जाळीला चाटून गेलेल्या सर्व्हिसला 'लेट' म्हणतात, तोही हाच.

हे ठाऊक नसेल तर काय होतं बघा. वडिलांच्या भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला त्याचे सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो ओरडतो, 'आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी.' आजच्या अर्थानं वाचलं तर 'जो मला जाऊ देईल त्याचं भूत करीन' असं होतं. त्याला म्हणायचंय बरोबर उलटं: जो मला अडवेल त्याचं.

शेक्सपिअर अभ्यासक्रमाला आहे म्हणून, किंग जेम्स बायबल वाचायचंय म्हणून, किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रांतून मराठ्यांचा इतिहास शोधायचाय म्हणून, अशा कुठल्याही कारणानं जुन्या इंग्रजी शब्दांशी पहिल्यांदा गाठ पडलेल्यांसाठी हा लेख आहे. एक विनंती सुरुवातीलाच करतो. 'जुने शब्द आणि त्यांचे अर्थ' अशा याद्या पाठ करू नका. शब्द कोणत्या साली, कुणाच्या वाक्यात आला हे आधी धरा आणि अर्थ त्यानंतर शोधा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमानं जातात.

पायरी १: शब्दासोबत वाक्य आणि साल टिपून घ्या

वहीत चार गोष्टी लिहा: शब्द, तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य, लेखन कुणाचं, आणि कोणत्या सालचं. नवशिके नेमकं साल टाळतात आणि तिथेच फसतात. 'नाइस' हा शब्द घ्या. तो मुळात लॅटिनमधल्या 'अजाण' या अर्थाच्या शब्दापासून आला. चौदाव्या शतकात एखाद्याला 'नाइस' म्हटलं तर तो मूर्ख. शेक्सपिअरच्या काळात तो चोखंदळ, फार बारकावे काढणारा, किंवा क्षुल्लक. छान, गोड हा अर्थ रुळला अठराव्या शतकात. साल माहीत नसेल तर यातला कोणता अर्थ उचलायचा?

काळाचे ढोबळ तीन टप्पे ध्यानात ठेवा. साधारण ११५० पर्यंतची ती ओल्ड इंग्लिश. तिथून १५०० पर्यंतची मिडल इंग्लिश, म्हणजे चौदाव्या शतकातला कवी चॉसर याची. त्यापुढची साधारण १७०० पर्यंतची अर्ली मॉडर्न, म्हणजे शेक्सपिअरची आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलची. शेक्सपिअरला 'ओल्ड इंग्लिश' म्हणण्याची चूक सर्रास होते. खरी ओल्ड इंग्लिश ही आजच्या इंग्रज माणसालाही परकी भाषा म्हणूनच शिकावी लागते, तिच्यासाठी वेगळे कोश आणि वेगळं व्याकरण लागतं. या लेखात आपण मुख्यतः १५०० नंतरच्या इंग्रजीपुरतं बोलू, कारण वाचकाची गाठ बहुतेक तिच्याशीच पडते.

पायरी २: ओळखीच्या शब्दांवर आधी संशय घ्या

'एफ्टसून्स', 'व्हायलम', 'प्रिदी' असे शब्द दिसले की आपण आपोआप थांबतो आणि कोश उघडतो. त्यांच्यापासून धोका नाही. धोका आहे तो ज्या शब्दांवर आपण थांबतच नाही त्यांच्यापासून. शब्द तोच, स्पेलिंग तेच, पण आतला अर्थ बदललेला. माझ्या मते नवशिक्यानं आपला निम्मा वेळ यांच्यावरच घालवावा.

आपल्या इतिहासाशी थेट जोडलेलं उदाहरण 'फॅक्टरी'चं. सतराव्या शतकातल्या कंपनीच्या कागदांत सुरतेच्या आणि राजापूरच्या 'फॅक्टरी'चे उल्लेख येतात. तिथे यंत्रं आणि धुराडी शोधायची नाहीत. ती वखार. तिथे माल बनत नसे, खरेदी करून साठवला जाई आणि जहाजावर चढवला जाई. 'फॅक्टर' म्हणजे कंपनीच्या वतीनं व्यवहार करणारा वखारीतला नोकर. शिवाजी महाराजांच्या माणसांनी राजापूरची इंग्रजांची 'फॅक्टरी' लुटली, हे वाक्य मराठीत आणताना 'कारखाना' लिहिलं तर अख्ख्या प्रसंगाचं चित्र चुकतं.

'मीट' म्हणजे मांस हे आपण धरून चालतो. पण बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बी देणारी प्रत्येक वनस्पती आणि फळझाड देतो आणि म्हणतो, हे तुम्हाला 'फॉर मीट' असेल. वनस्पती आणि मांस? जुना 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न. भारतातल्या इंग्रजीत मिठाईला अजून 'स्वीटमीट' म्हणतात, त्यात तो जुना अर्थ शाबूत आहे.

मराठी माणसाला सर्वात पटकन समजेल असं उदाहरण 'डिअर'चं. किंग लिअर नाटकात वेड्याचं सोंग घेतलेला एडगर म्हणतो की आपण उंदीर, घुशी आणि 'सच स्मॉल डिअर' खाऊन दिवस काढले. उंदीर आणि हरिण एका ओळीत का? कारण 'डिअर' म्हणजे पूर्वी कुठलाही पशू. नंतर तो हरणापुरता आक्रसला. आपल्या 'मृग' शब्दाची वाट हीच. संस्कृतात मृग म्हणजे आधी कुठलंही वन्य जनावर, म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि शिकार मृगया. मराठीत आपण मृग म्हणजे हरिण इतकंच धरतो. शिकारीत ज्याचा पाठलाग सर्वाधिक होई त्या जनावरानं दोन्ही भाषांत सगळ्या पशूंचं नाव आपल्याकडे ओढून घेतलं, असं मला वाटतं.

'प्रेझेंटली' हा आणखी एक. आपल्याकडे तो 'सध्या' या अर्थानं चालतो. 'द टेम्पेस्ट'मध्ये प्रॉस्पेरो एरिएलला कामाला पिटाळतो तेव्हा एरिएल विचारतो, 'प्रेझेंटली?' आणि उत्तर येतं, 'आय, विथ अ ट्विंक', म्हणजे हो, पापणी लवायच्या आत. इथे अर्थ 'ताबडतोब'. असा शेजारच्याच ओळीत मिळणारा पुरावा हातचा सोडू नका. 'व्हेअरफोर' म्हणजे कुठे नव्हे, 'का'. ज्युलिएट रोमिओला शोधत नाहीये, तू रोमिओच का आहेस असं विचारतेय.

नियम साधा आहे. ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसत नसेल, अर्थ किंचित जरी वाकडा वाटत असेल, तर दोष लेखकाच्या वाक्याला देऊ नका. कोश उघडा.

पायरी ३: रूप सोडवा

कोशात शोधण्याआधी शब्दाचं मूळ रूप हाती यावं लागतं. या कामात मराठी वाचकाला फार मोठी सोय आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

आजच्या इंग्रजीत सगळ्यांना 'यू'. जुन्या इंग्रजीत तसं नव्हतं. टी-एच-ओ-यू असं लिहिला जाणारा 'दाउ' म्हणजे तू, 'दी' म्हणजे तुला, 'दाय' आणि 'दाइन' म्हणजे तुझा. 'यी' आणि 'यू' म्हणजे तुम्ही, तुम्हाला. लंडनच्या मुलाला हे व्याकरण म्हणून शिकावं लागतं. आपण ते दिवसभर बोलतो. कुणाला तू, कुणाला तुम्ही, भांडणात 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी येतात, देवाला मात्र 'तू'च का, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 'आवर फादर, हू आर्ट इन हेवन' या प्रार्थनेतला 'आर्ट' म्हणजे 'आहेस'. आपण विठ्ठलाला ज्या हक्कानं 'तू' म्हणतो तोच हा 'तू'.

१६०३ साली विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजू मांडणारा एडवर्ड कोक भर न्यायालयात रॅलीला म्हणाला, 'आय दाउ दी, दाउ ट्रेटर!' आधुनिक इंग्रजीत याचं भाषांतर करताना लोकांची दमछाक होते. मराठीत ते सहज होतं: मी तुला अरेतुरेच करतो, गद्दारा! 'दाउ' हे इथे क्रियापद आहे आणि 'अरेतुरे करणं' हा त्याचा नेमका अर्थ. शेक्सपिअरचं नाटक वाचताना पात्रं 'यू'वरून 'दाउ'वर आणि परत 'यू'वर कुठे जातात तिथे पेन्सिलीनं खूण करत चला. राग, लाड, तुच्छता, जवळीक यांचा नकाशाच तयार होतो.

पण किंग जेम्स बायबलात हा नियम लावू नका. तिथे 'दाउ' म्हणजे फक्त एकवचन आणि 'यी' म्हणजे अनेकवचन. भाषांतरकारांना हिब्रू आणि ग्रीकमधला एकवचन-अनेकवचनाचा भेद जपायचा होता. तिथे राजालाही 'दाउ' आणि नोकरालाही 'दाउ'. त्यातून कुणाचा मान-अपमान शोधायला गेलात तर भलतंच काही सापडेल.

'दाउ'बरोबर क्रियापदाला 'एस्ट' लागतो: 'दाउ गोएस्ट', तू जातोस. मराठीत 'तू'बरोबर जातोस, करतोस असा 'स' येतोच, तेवढी खूण पुरे. 'तो, ती, ते' यांना 'एथ' लागतो: 'ही गोएथ', तो जातो. हा 'एथ' मुंबई-पुण्यात अजून छापला जातो. फ्लॅटच्या इंग्रजी करारनाम्यात 'नाउ धिस ॲग्रीमेंट विटनेसेथ' अशी ओळ असते, म्हणजे हा करारनामा पुढील गोष्टींची साक्ष देतो. कोशात शोधताना 'एस्ट' आणि 'एथ' काढून टाका आणि उरलेला शब्द शोधा.

दिशादर्शक शब्दांचंही तसंच. 'हिदर' इकडे, 'दिदर' तिकडे, 'व्हिदर' कुठे. 'हेन्स' इथून, 'देन्स' तिथून, 'व्हेन्स' कुठून. इंग्रजीनं ही घडी मोडून टाकली, मराठीत ती जशीच्या तशी आहे, त्यामुळे एकदा वाचली की विसरत नाही.

आता स्पेलिंग. मूळ जुन्या छापील पानाचं छायाचित्र वाचत असाल तर चार गोष्टी अडवतील. शब्दाच्या सुरुवातीला आणि मधे येणारा 'एस' लांबट असतो आणि 'एफ'सारखा दिसतो. १८०० च्या आसपास तो छपाईतून गेला. 'यू' आणि 'व्ही' ही अक्षरं उच्चारानुसार नव्हे तर जागेनुसार वापरलेली असतात, सुरुवातीला 'व्ही' आणि मधे 'यू', म्हणून 'अपॉन' शब्दाचं पहिलं अक्षर 'व्ही' दिसेल. 'जे'च्या जागी 'आय' असतो. आणि दुकानांच्या पाट्यांवरचं 'यी ओल्ड' हे खरं तर 'द ओल्ड' आहे. 'थ'चा उच्चार दाखवणारं 'थॉर्न' नावाचं जुनं अक्षर हस्तलिखितांत 'वाय'सारखं दिसू लागलं आणि छापखान्यांनी सरळ 'वाय'च वापरला. वरच्या 'तुम्ही' अर्थाच्या 'यी'शी त्याचा काही संबंध नाही.

इंटरनेटवरच्या जुन्या पुस्तकांत शब्द शोधत असाल तर त्या लांबट 'एस'ची आठवण ठेवा. यंत्रानं वाचलेल्या मजकुरात तो बरेचदा 'एफ' म्हणून उतरलेला असतो. शोध रिकामा आला तर 'एस'च्या जागी 'एफ' घालून पुन्हा शोधा.

एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं दिसली तर गोंधळू नका, तेव्हा ठरलेलं स्पेलिंग नव्हतंच. १६०४ साली रॉबर्ट कॉड्रीनं काढलेला सुमारे अडीच हजार शब्दांचा कोश हा पहिला केवळ इंग्रजीचा कोश मानला जातो. त्याच्या मुखपृष्ठावरच 'वर्ड्स' हा शब्द दोन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी छापलेला आहे.

पायरी ४: काळाला साजेसा कोश निवडा

फोनवरचा रोजचा कोश इथे पुरत नाही, कारण तो आजचे अर्थ देण्यासाठी बनवलेला असतो. कोणता कोश कधी, हे असं ठरवा.

सगळ्यात मोठा आधार ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा. १८५७ साली रिचर्ड चेनेविक्स ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे तेव्हाच्या कोशांच्या उणिवा मांडल्या. जुने, वापरातून गेलेले शब्द नीट नोंदले जात नाहीत, ही त्यातली एक मोठी तक्रार होती. जेम्स मरे १८७९ पासून संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि दहा खंडांचं काम १९२८ मध्ये पुरं झालं. मरे १९१५ मध्येच गेले होते. ४,१४,८२५ शब्द आणि १८ लाखांवर अवतरणं, आणि ती मुख्यतः स्वयंसेवकांनी जुनी पुस्तकं वाचून, चिठ्ठ्यांवर उतरवून टपालानं धाडलेली. आजची ऑनलाइन आवृत्ती वर्गणीची आहे. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती घेतलेली आहे का ते विचारा. नसेल तर पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. मात्र तिथे ते 'न्यू इंग्लिश डिक्शनरी ऑन हिस्टॉरिकल प्रिन्सिपल्स' या मूळ नावानं शोधावे लागतात.

सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा कोश मला स्वतःला सर्वात प्रिय आहे. ४२,७७३ नोंदी, आणि जवळपास प्रत्येक अर्थाला लेखकांची अवतरणं. एखादा शब्द त्याच्या काळी मरत आला असेल तर तो तसं स्पष्ट लिहितो. तोही ऑनलाइन वाचता येतो. मूळ पानं चाळताना एक ध्यानात ठेवा: त्यात 'आय' आणि 'जे' हे एकच अक्षर मानून क्रम लावलाय, 'यू' आणि 'व्ही'चंही तसंच. 'जे'चा शब्द सापडेना तर 'आय'च्या पानांत बघा.

फक्त शेक्सपिअर वाचत असाल तर सी. टी. ऑनियन्स यांचा १९११ चा शब्दकोश हाताशी ठेवा. हे गृहस्थ ऑक्सफर्ड कोशाच्याच संपादकांपैकी एक. चॉसरसाठी मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश डिक्शनरी, तोही ऑनलाइन फुकट. बोलीभाषांत टिकून राहिलेल्या शब्दांसाठी जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा कोश. कंपनीच्या कागदांसाठी, जुन्या मुंबई इलाख्याच्या दप्तरासाठी हॉब्सन-जॉब्सन, १८८६ चा. 'कचेरी', 'नाला' असे आपलेच शब्द इंग्रजी स्पेलिंगांत इतके बदलून येतात की ओळखू येत नाहीत. त्या कोशात ते जुन्या अवतरणांसह मिळतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वापरणाऱ्यांनीही हे सगळं मनात ठेवावं. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि त्यातले इंग्रजी अर्थ त्या काळच्या इंग्रजीत आहेत.

पायरी ५: नोंद पूर्ण वाचा

नोंद उघडल्यावर पहिल्या अर्थावर झडप घालू नका. ऑक्सफर्डच्या या मोठ्या कोशात आणि मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशात अर्थ कालक्रमानं लावलेले असतात, म्हणजे पहिला अर्थ सर्वात जुना. आजची इंग्रजी शिकवणाऱ्या बहुतेक कोशांत पहिला अर्थ सर्वात रुळलेला. हा फरक माहीत नसल्यानं कितीतरी लोक मेरियम-वेबस्टरमधला पहिला अर्थ 'मुख्य अर्थ' समजून वापरतात.

मग शिक्के बघा. 'ऑब्सोलीट' म्हणजे वापरातून पूर्ण गेलेला. 'आर्केइक' म्हणजे जुन्या वळणाचा, पण कवितेत, कायद्यात, प्रार्थनेत अजून अधूनमधून भेटणारा. 'हिस्टॉरिकल' म्हणजे वस्तूच गेली, शब्द फक्त इतिहास सांगताना लागतो. मेरियम-वेबस्टरनं 'ऑब्सोलीट'साठी पक्की रेघ आखली आहे: १७५५ नंतर वापराचा पुरावा नाही तो शब्द. ते साल कुठून आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. ऑक्सफर्डच्या छापील खंडांत गेलेल्या शब्दापुढे खंजिरासारखी खूण असते. ती कधी अख्ख्या शब्दापुढे असते, कधी त्याच्या एकाच अर्थापुढे, म्हणून ती नेमकी कुठे आहे ते बघा.

आता एक नोंद जवळून बघू. बायबलातल्या ११९ व्या स्तोत्रात एक ओळ आहे: 'आय प्रिव्हेंटेड द डॉनिंग ऑफ द मॉर्निंग, अँड क्राइड.' मी पहाट होणं थांबवलं? जॉन्सनची नोंद उघडा. शब्दाच्या शेजारी लॅटिन मूळ दिलंय, 'पुढे येणं' या अर्थाचं. पहिला अर्थ: वाट दाखवत पुढे चालणं, वाट सोपी करणं. मग: आधी असणं, आधी जाणं. मग: दुसऱ्यानं काही करण्याआधी आपण ते करणं. सर्वांत शेवटी: अडवणं, रोखणं. आणि तिथे जॉन्सनचा शेरा आहे की आता जवळपास हाच एक अर्थ उरलाय. त्या एका शेऱ्यात दीडशे वर्षांचा बदल मावलाय. १६११ चं बायबल आणि १७५५ चा कोश यांच्या मधल्या काळात 'आधी पोचणं' मागे पडलं आणि 'आधी पोचून अडवणं' तेवढं उरलं. अवतरणं वाचलीत तर हा प्रवास पायरीपायरीनं दिसतो, म्हणून ती गाळू नका.

पायरी ६: अर्थ वाक्यात परत बसवा

कोशातला अर्थ मराठीत आणा आणि मूळ वाक्याचं भाषांतर पुरं करा. स्तोत्राची ओळ: 'पहाट उजाडण्याआधीच उठून मी धावा केला.' बसली. आता त्याच पुस्तकात तो शब्द आणखी कुठे आलाय ते शोधा आणि तिथेही हाच अर्थ लावून बघा. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटलंय की प्रभूच्या येण्यापर्यंत जिवंत राहिलेले लोक झोपी गेलेल्यांना 'प्रिव्हेंट' करणार नाहीत, म्हणजे मेलेल्यांच्या आधी पोचणार नाहीत. दोन ठिकाणी बसला तर अर्थ पक्का समजा. एकाच ठिकाणी बसत असेल तर वहीत पुढे प्रश्नचिन्ह काढून पुढे चला.

पायरी ७: व्हायरल याद्या तपासून घ्या

'ओव्हरमॉरो' म्हणजे येणारा परवा आणि 'इअरयेस्टरडे' म्हणजे गेलेला परवा, हे दोन शब्द इंटरनेटवर फार फिरतात. शब्द खरे आहेत. 'ओव्हरमॉरो' १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलात आलाय. पण पूर्वी प्रत्येक इंग्रज माणूस ते रोज वापरी, असं जे सोबत सांगितलं जातं त्याला आधार नाही. लिखित पुरावे अगदी तुरळक आहेत. कोशात शब्द असणं आणि तो लोकांच्या तोंडी असणं यात अंतर असतं. ते मोजायचं साधन एकच, अवतरणांची संख्या आणि त्यांची सालं.

कोशातही चुका शिरतात. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' असा शब्द छापला गेला, अर्थ: घनता. खरं तर ती 'डी ऑर डी' अशी चिठ्ठी होती, म्हणजे मोठ्या किंवा लहान लिपीतला 'डी' हा घनतेसाठीचा संक्षेप. कुणीतरी तो सलग शब्द समजलं. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही, तेव्हा शोध लागला. अशा शब्दांना 'घोस्ट वर्ड', म्हणजे भुताटकीचे शब्द, असं नाव वॉल्टर स्कीट यांनी १८८६ मध्ये दिलं होतं. तुमच्यासाठी यातून निघणारी कसोटी सोपी आहे: ज्या नोंदीला ना मूळ, ना अवतरण, ती दुसऱ्या कोशात पडताळल्याशिवाय वापरू नका.

पायरी ८: सरावाला रूथचं पुस्तक घ्या

सुरुवात हॅम्लेटपासून करू नका. किंग जेम्स बायबलातलं रूथचं पुस्तक घ्या, चारच अध्याय आहेत. सासू नामी आणि विधवा सून रूथ यांची गोष्ट, भाषा साधी, आणि मराठी भाषांतर शेजारी ठेवता येतं.

पहिल्या अध्यायात नामी दोन्ही सुनांना परत जा म्हणते तेव्हा 'यी' वापरते, आणि एक सून निघून गेल्यावर एकट्या रूथला 'दाउ'. वर सांगितलेला एकवचन-अनेकवचनाचा नियम इथे डोळ्यांनी दिसतो. रूथही सासूला 'दाउ' म्हणते: 'व्हिदर दाउ गोएस्ट, आय विल गो', तू जिकडे जाशील तिकडे मी येईन. त्यात उद्धटपणा नाही. याच वचनाच्या सुरुवातीला 'एंट्रीट' हा शब्द 'ई'ऐवजी 'आय'नं लिहिलेला आहे. तसा शोधून सापडला नाही तर 'ई'खाली बघायचं.

दुसऱ्या अध्यायात रूथ शेतात सरवा वेचायला जाते. तिथे वाक्य आहे की 'हर हॅप वॉज टु लाइट ऑन' बोअझच्या शेताचा तुकडा. हा 'हॅप' तुमचा पहिला स्वाध्याय. वर सांगितल्याप्रमाणे वाक्य आणि साल लिहा, जॉन्सनची नोंद उघडा, मग ऑक्सफर्डची. अर्थ निघेल नशीब, योग. तिथेच न थांबता व्युत्पत्ती वाचा, म्हणजे 'हॅपन', 'मिसहॅप', 'परहॅप्स' आणि 'हॅपी' हे चारही शब्द याच मुळाशी येऊन मिळताना दिसतील. 'हॅपी' म्हणजे आधी नशीबवान, सुखी हा अर्थ नंतरचा. 'लाइट ऑन'मधला 'लाइट' उजेडाचा आहे की दुसरा कुठला, ते मी सांगत नाही. ऑक्सफर्डच्या कोशात 'लाइट'च्या एकाहून जास्त वेगळ्या नोंदी मिळतील. प्रत्येक नोंदीची व्युत्पत्ती आणि सालं बघून नेमकी कोणती ते तुम्ही ठरवा, आणि ठरवल्याचं कारण वहीत त्या वाक्याखाली लिहून ठेवा.